पोच

माझे वडील भुसावळला आरएमएसमध्ये सॉर्टर होते. रेल्वे मेल सर्व्हिसचा 'एल' विभाग भुसावळचा. त्या विभागाच्या लाल डब्यात त्यांनी उमेदीची वर्षं रात्रपाळीत काढली. गाडी धावत असायची, डबा हलत असायचा आणि समोरच्या खणांत पत्रं पडत राहायची. एका पत्त्यासाठी त्यांना जेमतेम क्षणभर मिळे. तेवढ्यात ठरवायचं, हे जळगाव आपलं खानदेशातलं, की बुलढाणा जिल्ह्यातलं जळगाव जामोद? हे पिंपळगाव पाचोऱ्याकडचं हरेश्वर, की नाशिककडचं बसवंत? हात चुकला तर पत्र चार दिवस भलत्याच तालुक्यात फिरून येई. सकाळी ते घरी परतत तेव्हा बोटांच्या टोकांना शाई लागलेली असे. आई विचारायची, "आधी जेवता का झोपता?" कामाबद्दल घरात याहून जास्त बोलणं नसे. पत्र पोचलं तर सॉर्टरची आठवण कोणाला होत नाही. पोचलं नाही, की मगच होते.

हे सगळं परत वर आलं ते गेल्या मार्गशीर्षात. आमच्या ऑफिसात एक नवी सहकारी रुजू झाली. आमची टीम लहान, बारा जणांची. जळगावात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतो आणि शाळा-कॉलेजांसाठी प्रवेश, फी, निकाल यांचं सॉफ्टवेअर करतो. गिऱ्हाइकं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली. माझ्याकडे तक्रारी ऐकायच्या आणि सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याची पानं मराठीत लिहायची, हे काम. नव्या सहकारीचं पद नेमणूकपत्रावर लिहिलं होतं 'ई-मेल डिलिव्हरेबिलिटी एक्स्पर्ट'. धुळ्याची, देवपूरची. पुण्यात बरीच वर्षं हेच काम करून घरच्या ओढीनं परत आलेली. पहिल्या दिवशी पारोळा, एरंडोल करत एसटीनं आली आणि दहाच्या आत जागेवर बसली.

चोपड्याचा आमचा सगळ्यांत तरुण प्रोग्रॅमर सरळ मनाचा आहे. त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं काय करणार?"

"मेल पोचवणार."

"मेल तर आपोआप जातो ना?"

"जातो. पोचतोच असं नाही."

त्या उत्तरानंतर मी हातातलं काम बाजूला ठेवलं. जाणं आणि पोचणं यांतलं अंतर माझ्या वडिलांनी आयुष्यभर रात्री जागून भरून काढलं होतं. आणि आदल्या जूनमध्ये तेच अंतर मला फार वाईट रीतीनं कळलं होतं.

त्या जूनमध्ये साक्री तालुक्यातले एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्या ऑफिसात आले. मुलीचं नाव प्रवेशाच्या यादीत लागलं होतं. अमुक तारखेच्या आत फी भरा, असा मेल आमच्या सॉफ्टवेअरनं पाठवला होता. त्यांना तो मिळाला नाही, तारीख गेली आणि जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला गेली. मी आमच्या पडद्यावर पाहिलं. तिच्या नावापुढे हिरवी खूण होती, 'सेंट'. मी त्यांना म्हणालो, "काका, आमच्याकडून तर गेलेला दिसतोय." त्यांनी खिशातून फोन काढून पुढे केला. स्पॅमच्या कप्प्यात, लॉटरी आणि कर्जाच्या जाहिरातींच्या मधोमध, आमचा मेल पडला होता. न उघडलेला. मुलगी काही बोलली नाही. वडीलच म्हणाले, "यात तुमची चूक नाही." त्यांनी माझ्यावर आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या प्रसंगानंतर आमच्या सरांनी हे पद काढलं. बारा जणांच्या ऑफिसला तो खर्च सोपा नव्हता.

ज्या आठवड्यात ती रुजू झाली त्याच आठवड्यात चंपाषष्ठी होती, म्हणून स्वागताला भरीत करायचं ठरलं. बामणोदची हिरवी वांगी, काड्यांच्या जाळावर भाजलेली, बडगीत ठेचलेली; हिरवी मिरची, लसूण, वरून कांद्याची पात, आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. जेवणाआधी सगळे तिला मॅडम म्हणत होते, हात धुवून परत येईपर्यंत ती ताई झाली होती. तिनंही पुण्याची सवय सोडून मोकळेपणानं अहिराणी काढली. आमच्यातले भुसावळ-यावलकडचे दोघं लेवा बोलीत उत्तरं देत होते. अशा पंगतीत माणूस लवकर कळतो. ती कमी बोलते, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेते आणि तिला कोणी 'होऊन जाईल' म्हटलेलं चालत नाही.

दुपारी तिनं परत आलेल्या मेलची नोंदवही उघडली. नोंदवही म्हणजे सर्व्हरवरची एक लांबलचक फाइल. ती आमच्याकडे वर्षानुवर्षं साठत होती आणि कोणी उघडून पाहिली नव्हती. मी शेजारी खुर्ची ओढली. तिनं ओळी दाखवायला सुरुवात केली. ५५० आणि पुढे ५.१.१ म्हणजे या नावाचं इथं कोणी नाही. ४२१ म्हणजे आत्ता घेता येत नाही, थोड्या वेळानं या. ४५२ म्हणजे ठेवायला जागा नाही. ५५० आणि पुढे ५.७.१ म्हणजे पत्ता बरोबर आहे, माणूस आहे, पण तुमच्याकडून घ्यायचं नाही.

मला हे वाचता येत होतं! परत आलेल्या पाकिटांवर पोस्टमन लिहीत ते शेरे वडिलांनी मला लहानपणीच शिकवले होते. 'नॉट नोन'. 'डोअर लॉक्ड'. 'लेफ्ट'. 'रिफ्यूज्ड'. शेरा पाहून पुढचं ठरायचं. दाराला कुलूप असेल तर उद्या पुन्हा जायचं. माणूस गाव सोडून गेला असेल तर त्या पत्त्यावर परत जाण्यात अर्थ नाही. आणि 'रिफ्यूज्ड' लिहिलेलं पत्र त्याच घरी परत परत नेणारा पोस्टमन लोकांना आवडत नाही. आमचं सॉफ्टवेअर मात्र तीन वर्षं तेच करत आलं होतं. नसलेल्या पत्त्यांवर, बंद पेट्यांवर, नको म्हणणाऱ्या दारांवर, रोज, न थकता.

ताई म्हणाली, "जीमेलवाले, याहूवाले हे सगळं मोजत असतात. जो माणूस नसलेल्या पत्त्यांवर सारखा पत्रं टाकतो, त्याची यादी कुठून तरी उचललेली असणार, असं ते धरून चालतात. आपली पत गेलीये, भाऊ."

तिनं आधी 'रेप्युटेशन' म्हटलं होतं. मग थांबून स्वतःच 'पत' म्हणाली. जळगावच्या दाणाबाजारात किंवा सराफ बाजारात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पत कागदावर लिहिलेली नसते, पण माणूस दुकानाची पायरी चढायच्या आत तिचा हिशोब झालेला असतो. मेल उघडायच्या आत त्याचाही असाच हिशोब होतो. कोणत्या सर्व्हरवरून आला, कोणत्या नावानं आला, या नावाच्या आधीच्या पत्रांचं लोकांनी काय केलं : उघडली, तशीच ठेवली, की 'हे नको' म्हणून बाजूला काढली.

ही वेळ का आली, हे समजून घेण्यासारखं आहे. ज्या नियमांवर ई-मेल चालतो ते एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. त्या वेळी त्या जाळ्यावर विद्यापीठं होती, संशोधनसंस्था होत्या, माणसं बरीचशी एकमेकांच्या ओळखीची. त्यामुळे नियमांत विश्वास गृहीत धरला होता. पाठवणाऱ्या यंत्रानं सांगायचं, हे पत्र अमक्याकडून. घेणाऱ्या यंत्रानं ते ऐकून घ्यायचं. गावातल्या आडाला कोणी कुलूप लावत नाही, तसं ते होतं. खरं तर धोक्याची खूण आधीच दिसली होती. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क नावाच्या विक्री-अधिकाऱ्यानं डीईसी कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली होती. लोक चिडले, त्याला समज मिळाली आणि गोष्ट तिथंच राहिली. पुढे नव्वदीच्या दशकात जाळं सर्वांसाठी खुलं झालं आणि त्या एका माणसानं केलेलं लाखो लोक करू लागले.

टपालात नॉटपेड पत्र यायचं. तिकीट न लावता कोणी पत्र टाकलं, की पैसे घेणाऱ्यानं भरायचे, तेही दुप्पट. नको असेल तर परत करायची मुभा होती, म्हणून ती रीत चालून गेली. स्पॅम म्हणजे कायमचं नॉटपेड पत्र. पाठवणाऱ्याला जवळजवळ फुकट. वाचण्याचा वेळ, साठवण्याची जागा, फसण्याची भीती हा सगळा भुर्दंड घेणाऱ्याला. मग घेणाऱ्यांनी दारं बंद करायला सुरुवात केली. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये त्रास देणाऱ्या सर्व्हरांची यादी सुरू केली, १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांचं स्पॅमहाउस आलं. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखायची पद्धत मांडली. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं, आणि पुढे पुढे चाळणीचा निर्णय मोठ्या टपालवाल्यांच्या हाती एकवटत गेला.

यातून प्रामाणिक माणसाचं काय होतं, हा माझ्या दृष्टीनं मोठा प्रश्न आहे. चोरांसाठी लावलेलं कुलूप पाहुण्यालाही बाहेरच ठेवतं. साक्रीच्या त्या मुलीचा मेल कोणी वाईट हेतूनं अडवला नव्हता. दाराशी उभ्या असलेल्या यंत्राला आम्ही कोण आहोत ते ओळखता आलं नाही, एवढंच. आणि ओळख देणं हे आमचं काम होतं.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं हे काम सक्तीचं केलं. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यानं आपली ओळख तीन प्रकारे सिद्ध केली पाहिजे, जाहिरातीच्या पत्रातून एका टिचकीत नाव काढता आलं पाहिजे, आणि 'हा स्पॅम आहे' म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली राहिलं पाहिजे. म्हणजे हजारात तीन. हजार माणसांत तिघं वैतागले की पत घसरायला लागते. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनंही आउटलुकसाठी तसाच नियम आणला. प्रवेशाच्या दिवसांत आमच्यासारखं छोटं ऑफिससुद्धा ५,००० चा आकडा सकाळीच ओलांडतं.

ओळखीचे ते तीन प्रकार म्हणजे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. ताईनं ते मला दोनदा समजावले आणि मला दोनदा समजले नाहीत. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "शनिवारी धुळ्याला या. तुम्हाला दाखवते."

शनिवारी मी गेलो आणि तिनं मला राजवाडे संशोधन मंडळात नेलं.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, त्यांच्या कागदपत्रांच्या जतनासाठी हे मंडळ उभं राहिलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचे २२ खंड आहेत. १८९८ सालच्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या, पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रं आहेत. गावोगावचे वाडे, माळे, फडताळं धुंडाळून या माणसानं पत्रं जमवली. पत्र हाती आलं की पहिला प्रश्न एकच, हे खरं आहे का? ज्याच्या नावाचं आहे त्याचंच आहे, की मागाहून कोणी वतनासाठी रचलेलं? मग कागद, अक्षर, मायना, कालगणना आणि शिक्के तपासायचे. आमच्या धुळ्यात पत्रांची खरी-खोटी परीक्षा शंभर वर्षांपासून चालत आली आहे.

ताईला हे शाळेपासून माहीत होतं. मोडी लिपीतल्या जुन्या कागदांसमोर उभी राहून ती मला सांगू लागली.

"आधी जासूद. पत्र घेऊन आलेला माणूस खरंच त्या दरबारचा आहे का? आपण आधीच जाहीर करून ठेवायचं, आमची पत्रं हे हे जासूद आणतील. दुसरा कोणी आणेल तर तो आमचा नव्हे. तो एसपीएफ. आपल्या डोमेनच्या नोंदीत आपण त्या सर्व्हरांची यादी लिहून ठेवतो."

"मग मोर्तब. पत्राच्या शेवटी शिक्का. मजकूर इथं संपला, याच्या पुढे कोणी ओळ घातली तर ती आमची नाही. कागद लांब असला की तुकडे चिकटवायचे, आणि त्या जोडावरसुद्धा शिक्का, म्हणजे मधला तुकडा बदलता येऊ नये. हे डीकिम. आपला सर्व्हर मजकुरावर गणितानं शिक्का उठवतो. शिक्का आपल्याजवळ गुप्त, पण तो ओळखायची किल्ली सगळ्यांसाठी उघडी. वाटेत एक अक्षर जरी बदललं तरी शिक्का जुळत नाही."

"आणि तिसरं?"

"जासूदही ओळखीचा नाही, शिक्काही जुळत नाही, आणि वर नाव तर आपलं घातलंय. अशा पत्राचं दारवानानं काय करायचं? जाऊ द्यायचं, बाजूला काढून ठेवायचं, की वेशीवरूनच परत पाठवायचं? तो हुकूम आपणच आधी देऊन ठेवायचा. तो डीमार्क. आणि आपल्या नावानं कोण कोण आलं, त्याचा वृत्तांत दारवानानं आपल्याला कळवायचा."

मला तिथं उभ्या उभ्या सगळं कळलं. परदेशी संगणकशास्त्रज्ञांनी २००६, २००७ आणि २०१२ च्या आसपास टप्प्याटप्प्यानं जे बसवलं, त्याची गरज आपल्या चिटणिसांना, पारसनिसांना कधीच कळलेली होती. पत्राची ओळख केवळ लिहिणाऱ्याच्या शब्दावर सोडायची नसते. मला माझ्या मुलखाचा अभिमान वाटला, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

आमच्या डोमेनचा पहिला डीमार्क वृत्तांत आला तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. आमच्या नावानं मेल पाठवणारे तीन सर्व्हर निघाले. एक आमचा. एक सरांनी कधीकाळी जाहिरातीसाठी घेतलेल्या आणि नंतर विसरलेल्या सेवेचा. तिसरा कोणाचा, कोणालाच माहीत नव्हतं. कोणीतरी परक्या देशातून आमच्या नावाचं पागोटं घालून लोकांची दारं वाजवत होतं.

शिक्के-मोर्तब महिन्याभरात झालं. खरी झटापट झाली ती यादीवरून.

ताईनं सांगितलं, यादी कापायची. सर म्हणाले, "ताई, तुम्हाला मेल जास्त पोचावेत म्हणून आणलं, आणि तुम्ही म्हणता पाठवूच नका?" त्यांचा प्रश्न रास्त होता. कॉलेजांना आम्ही सांगत होतो, आमच्याकडे इतके पत्ते आहेत, इतक्या घरांपर्यंत जातो. तो आकडा आमची शान होती. तिनं वाद घातला नाही. तिनं यादीतले पत्ते आम्हाला एकेक करून दाखवले. 'जीमेल'चं स्पेलिंग चुकलेले शेकडो. पास होऊन दहा वर्षं झालेल्या मुलांचे, ज्यांना अजूनही आम्ही फीच्या आठवणी पाठवत होतो. आणि मग ती एका पत्त्यावर थांबली. एकच पत्ता सत्तरहून जास्त विद्यार्थ्यांच्या नावापुढे होता.

"हा कोण?"

मी फोन लावला. तो एका तालुक्याच्या गावातला सेवा केंद्र चालवणारा तरुण निघाला. गावातली मुलं त्याच्याकडे फॉर्म भरायला येतात. कोणाकडे ई-मेल नसतो, कोणाला पासवर्ड आठवत नाही. तो आपला स्वतःचा पत्ता टाकून देतो, फॉर्म पुढे सरकतो. पुढे वर्षभर सत्तर जणांची पत्रं त्याच्या पेटीत पडतात. वैतागून तो एकगठ्ठा 'स्पॅम' दाबतो. त्याच्या एका टिचकीनं सत्तर तक्रारी नोंदल्या जातात, आणि त्याचं ओझं साक्रीच्या मुलीच्या पत्रावर येऊन पडतं. तिचा, त्याचा, आमचा, कोणाचाच हेतू वाईट नव्हता.

शहरात बसून लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकात ही गोष्ट सापडणार नाही, असं मला वाटतं. शहरातली पुस्तकं गृहीत धरतात, की एक माणूस म्हणजे एक पत्ता. आमच्याकडे एक फोन घरभर फिरतो, एक पत्ता गावभर. म्हणून इथं या विद्येची जाणकार माणसं इथलीच हवीत. नुसती विद्या पुरत नाही.

यादी अर्ध्याच्या खाली आली. सरांनी दोन दिवस विचार केला आणि 'करा' म्हणाले. मला त्यांचा हा निर्णय मोठा वाटतो. धंद्यात आकडा स्वतःच्या हातानं कमी करायला छाती लागते. फॉर्मही बदलला. आता पत्ता टाकला की त्यावर लगेच एक आकडा जातो, आणि तो आकडा फॉर्ममध्ये भरल्याशिवाय पत्ता यादीत शिरत नाही. टपालातल्या पोचपावतीसारखं : घेणाऱ्यानं आधी सही करायची. ज्याच्याकडे ई-मेल नाही त्याला सेवा केंद्राचा पत्ता टाकायला लावायचा नाही, त्याच्या घरच्या फोनवर एसएमएस पाठवायचा. आणि फी भरण्याच्या शेवटच्या तारखेचा मेल न उघडलेला दिसला, तर तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्या मुलाचं नाव येतं आणि मी फोन करतो. ही शेवटची तजवीज ताईनं आग्रहानं घालून घेतली. तिचं म्हणणं, यंत्रानं हात टेकले की पुढची चार पावलं माणसानं चालावीत.

मग नवा सर्व्हर घेतला आणि त्याची पत उभी करायला बसलो. दाणाबाजारात नव्या माणसाला पहिल्या दिवशी पोतंभर माल उधार कोणी देत नाही, तसं हेही. पहिल्या दिवशी थोडेच मेल, तेही ज्या कॉलेजांत आमची पत्रं हमखास उघडली जातात त्यांना. दोन दिवसांनी थोडे जास्त. मग आणखी. सहा आठवडे ती रोज सकाळी आल्या आल्या आकडे पाहायची आणि कधी कधी म्हणायची, "आज वाढवायचं नाही, काल आउटलुकनं जरा हात आखडलाय." जूनच्या गर्दीसाठी जानेवारीत पेरणी चालली होती. कपाशी लावणाऱ्या मुलखाला एवढा धीर शिकवावा लागत नाही.

पत्रांची भाषाही तिनं बदलायला लावली, आणि ते काम माझ्याकडे आलं. आमच्या मेलचे विषय इंग्रजीत असत, सगळी मोठी अक्षरं, 'अर्जंट' आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. लॉटरीवाले असंच लिहितात. आता विषय मराठीत असतो : विद्यार्थ्याचं नाव, कॉलेज, काय करायचं आणि कधीपर्यंत. मला वाटलं होतं, देवनागरीमुळे अडचण येईल. एके काळी ती होतीच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसे. आमच्या पिढीनं ती पुष्कळ पाहिली. आज युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजीचं एक. म्हणजे आपलं पत्र वजनानं जड, पण वाट तीच आणि हक्कही तोच. आपल्या भाषेत, आपल्या मुलीच्या नावानं आलेलं पत्र बाप उघडतो. उघडलं गेलेलं पत्र पाठवणाऱ्याची पत वाढवतं. ताईच्या आकड्यांत हे दिसलं, तेव्हा इतकी वर्षं मी इंग्रजी विषय का चालू दिले, याचं मला वाईट वाटलं.

खानदेशात सॉफ्टवेअर म्हटलं की लोक अंमळनेरचं नाव घेतात. २९ डिसेंबर १९४५ रोजी तिथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढे विप्रो झाली. गौरवाची गोष्ट आहे, पण संगणकांचं काम बंगळूरला वाढलं, आणि आमची मुलं अजूनही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातात. मेल पोचवण्याच्या विद्येतही महाराष्ट्रात मोठं काम मुंबईत झालं. राजेश जैन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली नेटकोर ही कंपनी याच क्षेत्रातली. गरज मात्र इथंही आहे. जळगावच्या विद्यापीठाखाली तीन जिल्ह्यांतली कॉलेजं येतात, दरवर्षी हजारो मुलांचे प्रवेश, परीक्षा, निकाल मेलवर चालतात. केळी आखातात पाठवणाऱ्या रावेर-यावलकडच्या निर्यातदाराची ऑर्डर मेलवर येते. ही सगळी पत्रं पोचतात की नाही हे पाहणारी माणसं तीन जिल्ह्यांत किती असतील? एक देवपूरहून एसटीनं येते, एवढं मला माहीत आहे. अजून दहा-वीस आली पाहिजेत, आणि त्यांना पुण्याला जावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

वडील गेले त्याला आता काही वर्षं झाली. ते असते तर मी ताईला घरी नेलं असतं. त्यांना पिनकोडचं मोठं कौतुक. तो १५ ऑगस्ट १९७२ ला आला, आणि आणला तो एका मराठी माणसानं, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननीच्या जिल्ह्याचा, पुढचे तीन पोस्ट ऑफिसचे. आपलं जळगाव ४२५००१, धुळं ४२४००१, आणि जामोदच्या जळगावचा आकडा ४४३ नं सुरू होतो. दोन जळगावांचं भांडण सहा आकड्यांनी मिटलं. वडील म्हणायचे, त्या दिवसापासून डोळ्यांना आराम पडला. ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण पत्ता बरोबर असून भागत नाही ना, भाऊ. घेणाऱ्याला तुमचं पत्र हवं असायला पाहिजे." मराठीत 'पोच' या शब्दाला दोन अर्थ आहेत. पत्र मिळाल्याची खूण ती पोच, आणि माणसाला समज असते तीही पोच.

यंदाच्या जूनमध्ये प्रवेशाची यादी लागली त्या दिवशी सकाळपासून आम्ही सगळे ताईच्या पडद्यामागे उभे होतो. संध्याकाळी सात वाजता माझा फोन वाजला. शिरपूर तालुक्यातून एक बाई बोलत होत्या. मागे गुरांचा आवाज येत होता.

"भाऊ, तुमनं पत्र उनं. पन पोरनं नाव चुकेल शे."

मी नाव लिहून घेतलं, बापाचं नाव, आडनाव, सगळं दोनदा वाचून दाखवलं. मग ताईकडे वळून म्हणालो, पोचलं. ती तोवर दुरुस्तीचं पान उघडून बसली होती.